सहलीच्या पिशवीतला चाकू

धानाची मळणी आटोपली, थंडी पडू लागली, की आपल्या जिल्ह्यात सहलींचा हंगाम सुरू होतो. कोणी नागझिऱ्याला जातो, कोणी नवेगावबांधला, तर कोणी दरेकसाजवळच्या हाजरा फॉलला. माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरते, तेव्हा धनेगावकडून गुहेपर्यंत डोंगर चढणाऱ्यांची रीघ लागते. अलीकडे तरुण मुले पाठीवर मोठी पिशवी बांधून दोन-दोन दिवस पायी फिरतात. चांगली गोष्ट आहे. फुप्फुसांना मोकळी हवा मिळते, पायांना व्यायाम होतो आणि घरी आल्यावर भूक लागते.

याच संदर्भात एका वाचकाचे चार ओळींचे पत्र आले. ‘मुलगा मित्रांसोबत डोंगराकडे जाणार आहे. भाजी चिरायला आणि दोरी कापायला चाकू मागतो आहे. द्यावा की न द्यावा? दिला तर कसा द्यावा?’ सहलीला कोणती औषधे सोबत ठेवावीत, असे विचारणारी पत्रे नेहमीच येतात. चाकूविषयी कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. खरे तर हा प्रश्न औषधांच्या आधी विचारला पाहिजे. माझ्याकडे त्याचे उत्तर आहे, पण ते पुस्तकातून आलेले नाही. माझ्याच हातून झालेल्या एका चुकीतून आलेले आहे.

ती चूक

ही गोष्ट 1996 सालची, दिवाळीच्या सुटीतली. तेव्हा गोंदिया हा वेगळा जिल्हा झाला नव्हता. आपण भंडारा जिल्ह्यात होतो. घरातली सगळी मंडळी पॅसेंजर गाडीने दरेकसाला उतरलो आणि पायी हाजरा फॉलकडे निघालो. जेवणाची पिशवी मीच भरली होती. टोमॅटो, काकडी, कांदे, आणि ते चिरायला घरातला नवा चाकू. चाकू मी वर्तमानपत्राच्या दोन पानांत गुंडाळला आणि सर्वांत वर ठेवला. हाताशी असलेला बरा, एवढाच विचार केला.

चालता-चालता कागद सुटला. माझा अकरा वर्षांचा पुतण्या मागून आला आणि बिस्किटांच्या पुड्यासाठी त्याने न बघताच पिशवीत हात घातला. ‘मोठेबाबा, कापलं,’ एवढेच तो म्हणाला. उजव्या तर्जनीच्या मधल्या पेरावर, तळहाताकडच्या बाजूला, अर्ध्या इंचाची सरळ चीर होती. रक्त बेताचेच होते. मी दाबून धरले, ते थांबले. संध्याकाळी दवाखान्यात जखम धुतली, दोन टाके घातले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि पट्टी बांधली. पोरगा रडला नाही म्हणून सर्वांनी त्याचे कौतुक केले.

दहाव्या दिवशी टाके काढले. ‘आता मूठ मीट,’ असे म्हटले. चार बोटे मिटली. तर्जनीही मधल्या सांध्यात वाकली. पण तिच्या टोकाचे पेर मात्र सरळच राहिले. जखम लहान दिसत होती, तरी आत बोट वाकवणारी दोरी, म्हणजे कंडरा, पूर्ण तुटली होती. ती त्याच दिवशी तपासायला अर्धे मिनिट पुरले असते. मी डॉक्टर होतो, समोर माझ्याच भावाचा मुलगा होता, आणि मी ते तपासले नाही. जखम लहान आहे, एवढेच पाहिले.

नागपूरला शस्त्रक्रिया झाली. मधल्या दिवसांत तुटलेली कंडरा मागे ओढली गेली होती. शल्यचिकित्सकांनी आपले काम उत्तम केले. पण गेलेले दिवस त्यांना परत आणता आले नाहीत. पुतण्या आज चाळिशीला आला आहे, शेती बघतो. धानकापणीच्या वेळी तो विळा धरतो तेव्हा त्याच्या उजव्या तर्जनीचे टोक सरळ राहते. त्याने मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही. मी मात्र दरवर्षी ते बोट बघतो.

आता वाचकाच्या प्रश्नाकडे वळू.

चाकू कोणता द्यावा?

सहलीला मोठा चाकू लागत नाही. तीन ते चार इंचांच्या पात्यात भाजी, फळे, दोरी, पट्टीचे कापड असे सारे काम होते. घडीचा चाकू घ्यायचा असेल तर उघडल्यावर पाते जागच्या जागी अडकणारा, म्हणजे खटका असलेला घ्यावा. खटका नसलेले पाते दाब पडताच बोटांवर मिटते. मूठ हाताला भरेल अशी आणि ओल्या हातातून न निसटणारी असावी. पाते मुठीत हलत असेल तर तो चाकू घरीच ठेवावा.

दहा वर्षांखालील मुलाच्या पिशवीत चाकू नको. त्याहून मोठ्या मुलांच्या गटातही चाकू एकाच्याच जबाबदारीवर असावा. प्रत्येकाच्या खिशात एक असण्याची गरज नाही.

म्यान आणि जागा

वर्तमानपत्र म्हणजे म्यान नव्हे, हे मी वर लिहिलेच आहे. रुमाल, प्लॅस्टिकची पिशवी यांचेही तसेच. टोक त्यातून बाहेर येतेच. बाजारात म्यानासह चाकू मिळतात. नसेल तर घरी करता येते. जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे पात्याच्या मापाने कापावेत, मध्ये पाते ठेवून कडा आणि टोक चिकटपट्टीने घट्ट बांधावे. आपल्याकडे बांबूला तोटा नाही. बांबूची उभी चिरलेली दोन फाके एकमेकांवर ठेवून सुतळीने आवळली तरी उत्तम म्यान होते. म्यान उलटे धरून हलवावे. पाते घसरून बाहेर आले तर ते म्यान निकामी समजावे.

म्यानात घातलेला चाकू पिशवीच्या मधोमध, कपड्यांच्या घडीत ठेवावा आणि टोक खाली असावे. बाजूच्या कप्प्यात ठेवू नये, कारण पाय घसरून माणूस कुशीवर पडला की तो कप्पाच अंगाखाली येतो. पँटच्या खिशात किंवा कमरेला खोचून तर मुळीच ठेवू नये. मांडीच्या आतल्या बाजूने आणि जांघेतून मोठी रक्तवाहिनी जाते. तिथे पाते शिरले तर काही मिनिटांत जिवावर बेतते. मोटारसायकलवर मागे बसून हातात उघडा विळा धरून जाणारे आपल्या रस्त्यांवर रोज दिसतात. खड्डा आला की तो विळा कोणाच्या पाठीत जाईल याचा नेम नसतो. विळ्याच्या पात्याला जुन्या सायकल ट्यूबची पट्टी गुंडाळायला एक मिनिट पुरते.

आणि पिशवी कोणीही उघडो, चाकू कुठे आहे हे सर्वांना ठाऊक असावे. तेवढे एक वाक्य मी 1996 मध्ये बोललो नव्हतो.

वापरताना

चाकूचे काम बसून करावे. चालता-चालता काठी तासू नये. पाते अंगापासून दूर जाईल असे कापावे आणि मांडीवर ठेवून काही चिरू नये. चाकू हाती असलेल्याच्या हातभर अंतरात दुसरे कोणी नसावे. दुसऱ्याला द्यायचा झाल्यास हातात देण्यापेक्षा खाली ठेवावा आणि त्याने उचलावा. कात्री रिकामी वाजवली तर घरात भांडण होते, असे आपल्या आया-आज्या सांगत. भांडणाचे माहीत नाही. पण धारेशी खेळू नये एवढा धडा त्यात नक्की होता.

चाकू हातातून सुटला तर झेलू नका. पाय मागे घ्या आणि पडू द्या. चाकू डबा उघडायला, खिळा उपटायला, दगड उकरायला वापरू नये. पाते मोडून उडते. पायात काटा गेला तर तोही चाकूच्या टोकाने कोरू नये. त्यासाठी स्वच्छ सुई आणि चिमटा सोबत ठेवावा.

बोथट चाकू अधिक कापतो

हे वाचून नवल वाटेल, पण खरे आहे. धार असलेला चाकू हलक्या हाताने चालतो. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, तो कांद्याच्या सालीवरून घसरतो आणि लावलेला सगळा जोर बोटावर उतरतो. म्हणून निघण्यापूर्वी धार बघावी. अंगठा फिरवून नव्हे! वर्तमानपत्राचा कागद उभा धरून कापून बघावा किंवा टोमॅटोवर पाते टेकवून बघावे. साल न दाबता कापली गेली तर धार पुरेशी आहे.

धार लावायचा दुहेरी दगड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. त्याची एक बाजू खरबरीत असते, दुसरी मऊ. दगड ओल्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे सरकत नाही. पाते दगडाशी साधारण वीस अंशांचा कोन करील असे धरावे. हा कोन कसा ओळखायचा? वहीच्या पानाचा कोपरा काटकोनाचा असतो. त्याची एकदा घडी घातली की पंचेचाळीस अंश, पुन्हा घातली की बावीस-तेवीस. तेवढ्याच कलाने दोन्ही बाजू सारख्या वेळा घासाव्यात. आधी खरबरीत बाजूवर, मग मऊ बाजूवर. सहलीत दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरबरीत कडही वेळ भागवते.

धारवाल्याकडून चाकावर धार लावून घेत असाल तर एक ध्यानात ठेवा. पाते तापून निळे पडले तर लोहाराने त्याला दिलेले पाणी उतरते. मग धार टिकत नाही. मधूनमधून पाते पाण्यात बुडवायला सांगावे.

गंज आणि स्वच्छता

आपल्याकडचे लोहार गाडीच्या कमानीच्या पट्टीपासून विळे-चाकू घडवतात. हे लोखंड धार चांगली धरते. पण गंजतेही लवकर. लिंबू, चिंच, कैरी, टोमॅटो कापल्यावर ते तसेच ठेवले तर तासाभरात डाग पडतात. म्हणून काम झाले की साबणाच्या पाण्याने धुवावे, लगेच कोरडे पुसावे आणि खोबरेल तेलाचे बोट फिरवावे. पुसताना फडके पाठीकडून धारेकडे न्यावे, धारेवरून लांबीने ओढू नये. लाकडी मुठीला वर्षातून एक-दोनदा जवसाचे तेल चोळले तर ती भेगाळत नाही. घरी आल्यावर चाकू चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नये. चामडे ओल धरते आणि आतल्या आत पाते गंजते.

स्वच्छतेचा आणखी एक मुद्दा. जंगलात मासे किंवा कोंबडी साफ करून त्याच चाकूने काकडी चिरणे म्हणजे जुलाबाला बोलावणे आहे. आधी भाजी-फळे चिरावीत, मांस शेवटी कापावे आणि मग चाकू साबणाने धुऊन उकळते पाणी ओतावे.

कापलेच तर

इतके करूनही कापू शकते. अशा वेळी पुढील क्रम लक्षात ठेवा.

स्वच्छ कापड जखमेवर ठेवून घट्ट दाबा आणि घड्याळ लावून दहा मिनिटे दाबून धरा. मध्ये उचलून बघू नका. बघितले की जमू लागलेली गाठ सुटते. कापड भिजले तर वरून दुसरे ठेवा. हात किंवा पाय उंच धरा. रक्त थांबल्यावर लहान जखम पिण्याच्या पाण्याने भरपूर धुवा आणि स्वच्छ पट्टी बांधा. हळद, चुना, तंबाखू, कॉफी, शेण, चिखल, झाडाचा चीक यांपैकी काहीही जखमेत भरू नका. त्याने जखमेत घाण जाते आणि टाके घालणाऱ्याला आतले दिसत नाही.

पाते शरीरात रुतून बसले असेल तर ते उपसू नका. तेच रक्तवाहिनीचे बूच झालेले असू शकते. दोन्ही बाजूंनी कापडाचे गुंडाळे लावून ते हलणार नाही असे बांधा आणि रुग्णालय गाठा. बोटाचा तुकडाच पडला तर तो ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नका.

आता मी न केलेली तपासणी. हाताला कापले असेल तर रक्त थांबल्यावर जखमी बोटाचा मधला सांधा धरून ठेवा आणि फक्त टोकाचे पेर वाकवायला सांगा. नंतर पूर्ण मूठ मिटायला आणि उघडायला सांगा. मग डोळे मिटायला सांगून बोटाच्या दोन्ही कडांना कापसाने स्पर्श करा आणि कळतो का ते विचारा. पेर वाकत नसेल, बोट सरळ होत नसेल किंवा एखादी बाजू बधिर असेल, तर जखम राईएवढी दिसली तरी कंडरा किंवा मज्जातंतू तुटला आहे असे समजा. ‘उद्या बघू’ म्हणू नका. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. गोंदियाला 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि राज्यात 2014 पासून 108 क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका मिळते. डोंगरात मोबाइलला रेंज नसते, म्हणून सर्वांत जवळचे गाव कोणते आणि रस्ता कोठे लागतो, हे निघण्यापूर्वीच माहीत करून घ्यावे.

धनुर्वात गंजाने होत नाही

‘चाकू नवा होता, गंजलेला नव्हता, मग इंजेक्शन कशाला?’ हा प्रश्न मी हजारदा ऐकला आहे. धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याचे जंतू मातीत आणि गुराढोरांच्या शेणात असतात आणि तिथे वर्षानुवर्षे टिकतात. चकचकीत चाकूने कापले आणि त्यात माती गेली तरी तो होऊ शकतो. एके काळी घरच्या बाळंतपणात बाळाची नाळ विळ्याने कापत. त्यातून कित्येक नवजात बाळे धनुर्वाताने दगावली. गरोदर मातांचे लसीकरण आणि दवाखान्यातील बाळंतपणे वाढल्यावर हे चित्र पालटले. 2015 मध्ये माता आणि नवजात बालकांमधील धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले.

मात्र जंतू मातीत आहेतच. जखमेनंतर साधारण तीन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत केव्हाही दातखीळ बसणे, मान ताठणे, गिळायला त्रास होणे अशी सुरुवात होते. तोवर जखम भरूनही आलेली असते. म्हणून लस आधीच घ्यावी. मुलांना बालपणीच्या मात्रांनंतर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस द्यायची असते. शाळेत विचारून खात्री करा. मोठ्यांनी दर दहा वर्षांनी एक मात्रा घ्यावी. जखम मातीने माखलेली असेल आणि शेवटची मात्रा घेऊन पाच वर्षे उलटली असतील तर पुन्हा घ्यावी. साठीच्या पुढच्या अनेक शेतकऱ्यांनी ही लस कधीच पुरती घेतलेली नसते. त्यांना एका इंजेक्शनने भागत नाही. त्यांनी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे, म्हणजे पूर्ण मात्रा आणि गरज पडल्यास तयार प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही देता येते.

साप चावल्यास चाकू पिशवीतच राहू द्या

हे मुद्दाम वेगळे लिहितो. आपल्या धानाच्या पट्ट्यात नाग, मण्यार, घोणस आहेत. साप चावला की जवळ चाकू असलेला एखादा हुशार मित्र जखमेवर चिरा देतो. त्याने विष बाहेर पडत नाही. उलट घोणसाच्या विषाने रक्त गोठत नसेल तर त्या चिरेतूनच रक्त वाहत राहते. चिरा नको, चोखणे नको, करकचून दोरी नको. माणसाला धीर द्या, चावलेला अवयव हलू देऊ नका आणि उचलून रुग्णालयात न्या.

कायद्याचेही थोडे

नागझिरा आणि नवेगावला जाणाऱ्यांनी चाकू घरी ठेवावा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत बंदुकीबरोबर चाकूचेही नाव आहे आणि लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. तिथे फळे घरूनच चिरून न्यावीत. यात्रेच्या गर्दीतही चाकू अंगावर बाळगू नये. तो स्वयंपाकाच्या सामानात असावा. विमानाने प्रवास असेल तर हातातल्या पिशवीत चाकू चालत नाही.

शेवटी

तेव्हा, पत्र लिहिणाऱ्या वाचकांना माझे उत्तर असे. कायद्याने मनाई नसेल तिथे मुलाला चाकू द्या. लहान द्या, धारदार द्या, म्यानात घालून द्या. देण्यापूर्वी तासभर त्याच्याजवळ बसा, त्याच्याकडून म्यान करून घ्या आणि एक काकडी चिरून घ्या. पिशवीत स्वच्छ कापड, पट्टी, साबण ठेवा. लसीची तारीख बघा. आणि पिशवी कोणी भरली, चाकू कुठे ठेवला, हे निघताना सर्वांसमोर मोठ्याने सांगायला लावा.

आमच्या घरी आजही सहलीला निघताना पिशवी भरून झाली की पुतण्याच विचारतो, ‘मोठेबाबा, चाकू कुठे आहे?’ मी जागा दाखवतो. तो ते सरळ बोट लावून म्यान चाचपतो, आणि मगच आम्ही निघतो.